मंडप कोणाच्या दारात?

मागच्या नोव्हेंबरात वाईला माझ्या मावशीला माझा फोन गेला. मी केलेला नव्हता. आवाज मात्र माझाच होता, जरा घाबरलेला. लंडनच्या विमानतळावर अडकवून ठेवलंय, सामानात काहीतरी सापडलं म्हणतात, ऐंशी हजार आत्ताच्या आत्ता पाठव, दादाला एवढ्यात सांगू नकोस. मावशीने चष्मा शोधला, शेजारच्या मुलाला हाक मारली, पैसे पाठवायच्या बेतात होती. अडली ती एका शब्दापाशी. फोनवरचा 'मी' तिला मावशी म्हणत होता. मी तिला जन्मात मावशी म्हटलेलं नाही. बोलायला शिकताना तोंडून 'माऊ' निघालं, ते पन्नाशीला टेकलो तरी माऊच आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेने नक्कल करायला चोरांना माझा आवाज मिळाला कुठून, याचा नंतर अंदाज आला. मी राहतो त्या लंडनमधल्या एका मराठी कार्यक्रमातलं माझं भाषण कोणीतरी नेटवर चढवलं होतं. चांगलं अर्ध्या तासाचं. विषय होता 'दान आणि दाते'.

दादाला, म्हणजे थोरल्या भावाला, हे सांगितलं तेव्हा आधी तो हसला, मग बराच वेळ काही बोलला नाही. आमचा वर्षभर वाद चालला होता तो याच विषयावर. मी लंडनमध्ये एका धर्मादाय न्यासात अनुदानाचे अर्ज तपासतो. पूर्वी आमच्याकडे अर्ज यायचे ते वृद्धाश्रमांचे, वाचनालयांचे, कर्करोगाच्या संशोधनाचे. गेल्या तीनेक वर्षांत टेबलावर एक नवी चवड वाढली आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता (एआय) माणसाच्या हाताबाहेर जाऊ नये, तिच्या मदतीने कोणी घातक जंतू तयार करू नयेत, खोट्या आवाजांनी लोक लुबाडले जाऊ नयेत, अशा कामांसाठी पैसे मागणाऱ्यांची. दादाचं म्हणणं साधं आहे. "ही तुमची पोट भरल्यावरची काळजी. इथे आपल्या शाळेच्या पत्र्यातून पाणी गळतंय."

हे काही एकट्या दादाचं म्हणणं नाही. भारतात या विषयावर जे बोललं जातं त्याचा सूर साधारण हाच असतो: आधी तंत्रज्ञान येऊ द्या, नोकऱ्या येऊ द्या, धोक्याचं मग बघू. जागतिक परिषदांच्या नावांतही तो उतरला. नोव्हेंबर २०२३ मध्ये इथे ब्रिटनमध्ये ब्लेचली पार्कला पहिली परिषद भरली, तिच्या नावात 'सेफ्टी' होतं. भारतासह २८ देशांनी आणि युरोपीय संघाने तिथला जाहीरनामा मान्य केला. २०२५ मध्ये पॅरिसला त्या जागी 'अ‍ॅक्शन' आलं. २०२६ च्या फेब्रुवारीत दिल्लीत 'इम्पॅक्ट'. पण ब्रिटिश सरकारनेही २०२५ मध्ये आपल्या 'एआय सेफ्टी इन्स्टिट्यूट'च्या नावातलं 'सेफ्टी' काढून 'सिक्युरिटी' घातलं, तेव्हा दिल्लीला नावं ठेवायला मी जाणार नाही.

दादाच्या पत्र्याला माझ्याकडे उत्तर नसतं, आणि खरं सांगायचं तर आमच्या न्यासाच्या बैठकीतही नसतं. मध्यंतरी एक तरुण संशोधक मुलाखतीला आली होती. आमचे एक विश्वस्त निवृत्त डॉक्टर आहेत. त्यांचा ठरलेला प्रश्न असतो: पाच वर्षांनी आम्हाला काय दाखवाल? ती मुलगी प्रामाणिक. म्हणाली, "सगळं नीट पार पडलं तर काहीच नाही." खोलीत चमच्यांचा आवाज तेवढा राहिला. तिचा अर्ज पुढच्या तिमाहीवर ढकलला गेला. त्याच बैठकीत एका रुग्णालयाच्या नव्या कक्षाला दहा मिनिटांत मंजुरी मिळाली. तिथे भिंत असणार, भिंतीवर फलक असणार. देवळाच्या पायरीवर नाव कोरता येतं. न आलेल्या संकटावर कुठे कोरणार?

म्हणून या कामाला पैसे देणारे थोडे, आणि त्यातले बहुतेक प्रचंड श्रीमंत. दादा बावीस वर्षं गल्लीतल्या गणपती मंडळाचा खजिनदार आहे. तो एक नियम सांगतो: "एकाच बिल्डरने सगळा खर्च उचलला की पुढच्या वर्षी मंडप त्याच्या दारात लागतो." चारशे घरांतून पावत्या फाडायला पाय दुखतात, पण मंडप चौकात राहतो. लंडनमध्ये देणगीदारांच्या भागीदारीवर जी व्याख्यानं मी ऐकली त्या सगळ्यांचं सार या एका वाक्यात आहे, आणि दादाने ते फुकट सांगितलं.

मंडप दुसऱ्याच्या दारात लागला, इतकंच नव्हे तर तो माणूसच नाहीसा झाला, असं २०२२ मध्ये घडलं. सॅम बँकमन-फ्राइड या आभासी चलनाच्या व्यापाऱ्याच्या एफटीएक्स कंपनीने त्या फेब्रुवारीत अशाच कामांसाठी 'फ्यूचर फंड' काढला. वर्षभरात किमान दहा कोटी डॉलर वाटू म्हणाले. तरुणांनी नोकऱ्या सोडून त्या भरवशावर संशोधन सुरू केलं. नोव्हेंबरात एफटीएक्स बुडाली आणि फंडाच्या सगळ्या चमूने राजीनामे दिले. मिळालेले पैसे नादारीच्या प्रक्रियेत परत करायची वेळ काही संस्थांवर आली, कारण ते ठेवीदारांचे होते. बँकमन-फ्राइडला पुढे २५ वर्षांची शिक्षा झाली. इतका नाट्यमय शेवट नसला तरी चालतं. अण्वस्त्रांचा धोका कमी करणाऱ्या कामाचा अमेरिकेतल्या मॅकआर्थर फाउंडेशनचा मोठा आधार होता. २०२१ मध्ये त्यांनी या क्षेत्रातून बाहेर पडायचं ठरवलं. त्यात गैर काही नव्हतं, धोरण बदललं इतकंच. पण त्यांच्या जागी उभं राहायला दुसरं कोणी तयार नव्हतं, आणि काही महिन्यांतच युक्रेनचं युद्ध सुरू होऊन अण्वस्त्रांचा विषय पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आला.

याच क्षेत्रातली एक जुनी गोष्ट मला फार आवडते. रसेल आणि आइन्स्टाइन यांच्या अण्वस्त्रांविरुद्धच्या जाहीरनाम्यानंतर शास्त्रज्ञांची परिषद भारतात भरवायचं निमंत्रण नेहरूंनी दिलं होतं. सुएझचं संकट आडवं आलं. मग सायरस ईटन या उद्योगपतीने आपल्या जन्मगावी, कॅनडातल्या पगवॉश या कोळ्यांच्या खेड्यात, जागा आणि पैसे दिले. जुलै १९५७ मध्ये २२ शास्त्रज्ञ तिथे जमले, आणि ते नाव कायमचं चिकटलं. नाही तर आज जगभर दिल्लीचं नाव घेतलं असतं. पण ईटन स्वतः राजकारणावर मोकळेपणी बोलायचा, सोव्हिएत युनियनबद्दल आपुलकीने बोलायचा, आणि त्याचे पैसे घेतात म्हणून शास्त्रज्ञांकडे बोट दाखवलं जायचं. परिषदेने हळूहळू दुसरे आधार शोधले. १९९५ चा शांततेचा नोबेल पुरस्कार पगवॉशला आणि जोसेफ रॉटब्लाट यांना मिळून दिला गेला. मंडप चौकात आणायला वेळ लागतो, पण येतो.

आता एआयच्या धोक्यांच्या कामातही चौकाकडे पावलं पडताहेत. फेसबुकच्या संस्थापकांपैकी डस्टिन मॉस्कोविट्झ आणि त्यांची पत्नी केरी ट्यूना यांच्या पैशांवर उभ्या राहिलेल्या ओपन फिलान्थ्रॉपीने नोव्हेंबर २०२५ मध्ये 'कोएफिशंट गिव्हिंग' असं नाव घेतलं. इतर देणगीदारांनाही सोबत घेणारी संस्था व्हायचं म्हणून. त्याआधीच्या महिन्यात अमेरिकेतल्या दहा फाउंडेशनांनी मिळून पाच वर्षांत ५० कोटी डॉलर देण्याची घोषणा केली. एआय सिक्युरिटी इन्स्टिट्यूट या ब्रिटिश सरकारच्या संस्थेने २०२५ च्या जुलैत दीड कोटी पौंडांचा निधी जाहीर केला, त्यात कॅनडाचं सरकार, गूगलच्या माजी प्रमुखांची श्मिट सायन्सेस, अ‍ॅमेझॉन, एआय बनवणारी अँथ्रॉपिक अशी मंडळी एकत्र आहेत. अर्जदाराने अर्ज एकदाच भरायचा, पैसे कोणाच्या खिशातून द्यायचे ते भागीदारांनी बघायचं. सहा देणगीदारांचे सहा अर्ज आणि सहा अहवाल भरताना संशोधकांचं निम्मं वर्ष जातं, हे मी रोज बघतो. तेवढा त्रास वाचला तरी पुष्कळ झालं.

पण ही यादी वाचताना मला कृष्णाकाठचा वाळूउपसा आठवतो. वाळू उपसणाऱ्यांनीच नदीच्या पाहणीचा खर्च दिला, तर पाहणीत काय निघेल? पाहणी करणारा खोटंच लिहील असं नाही. पण कोणत्या वळणावर उतरून बघायचं, ते कोण ठरवणार? आणि तंत्रज्ञानाच्या धोक्यावर खर्च होणारा खाजगी पैसा बराचसा तंत्रज्ञानातूनच आलेला आहे. केंब्रिजमध्ये २०१२ मध्ये मानवजातीच्या अस्तित्वावरच्या संकटांच्या अभ्यासाचं केंद्र काढणाऱ्यांपैकी यान टालिन हे स्काइप उभारणाऱ्यांतले, आणि ज्या कंपन्यांची काळजी त्यांना वाटते त्यांतल्या काहींत त्यांनी गुंतवणूकही केली. मी त्यांच्यावर टीका करत नाही. दुसरं कोणी देत नसताना ते देत होते. मी एवढंच म्हणतो की चारशे घरांची पावती अजून फाडलेली नाही.

आणि ती फाडायची कशी, हे आम्हा मराठी माणसांना इंग्रजांनी शिकवायला नको. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागून पैसा फंड उभा केला, लोकमान्यांनी त्याला पाठबळ दिलं, आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. काचेतलं ओ की ठो न कळणाऱ्यांनीही त्यात पैसा टाकला होता. पुढे महर्षी कर्व्यांच्या विद्यापीठाला ठाकरसींनी १५ लाख दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव लागलं. दोन्ही आपलेच नमुने. दादाला विचारलं तर तो पहिल्याच्या बाजूने आहे.

मग अडतं कुठे? माझ्यापुरतं सांगतो. काही वर्षांपूर्वी मी ब्रिटिश नागरिकत्व घेतलं. त्यानंतर दादाच्या टोमण्याला उत्तर म्हणून शाळेच्या पत्र्यांसाठी २५,००० रुपये पाठवले. शाळेच्या खजिनदार सरांनी फार मायेने परत केले. "बाळ, आता तू परदेशी." भारतीय पासपोर्ट असताना माझ्या बचतीतले पैसे माझेच होते, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) हातात आल्यावर तेच पैसे परदेशी निधी झाले, आणि तो घ्यायला संस्थेला केंद्राची नोंदणी लागते. सरांनी कायदा पाळला. पण गंमत अशी की, पत्रे की एआय, हा आमचा वाद कायद्याने मिटवूनच टाकला होता. माझे पैसे दोन्हीकडे चालत नाहीत.

मोठ्या संस्थांचं दुखणं वेगळं. परदेशी निधीच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. भागीदारीचा कणाच तो असतो: एकाने पैसे गोळा करायचे, हिशेब सांभाळायचा आणि दहा लहान कामांना पोचवायचे. पैशाच्या वाटेवर सरकारने लक्ष ठेवावं, हे मला पटतं. एफटीएक्सवर कोणी वेळेवर ठेवलं असतं तर बरं झालं असतं. पण लहानांच्या वाट्याला त्यामुळे काहीच येत नाही. मोठ्या कंपन्यांचा नफ्यातल्या दोन टक्क्यांचा सामाजिक निधी (सीएसआर) देशातला, त्याला ही आडकाठी नाही, आणि महाराष्ट्रात तो सर्वाधिक खर्च होतो. तरी आमच्या डॉक्टर विश्वस्तांचा प्रश्न तिथेही हजर असतो. शाळा दिसते, शौचालय दिसतं. आयआयटी मद्रासमध्ये २०२३ ला जबाबदार एआयचं केंद्र निघालं, तेव्हा दहा लाख डॉलर घेऊन पुढे आलं ते गूगल. पुन्हा वाळूवालाच.

दादाशी वाद घालताना मी आता मानवजातीच्या भविष्याचं बोलत नाही. ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांचं सांगतो. २०२३ मध्ये त्यांनी दाखवलं की इंग्रजीत विचारल्यावर चॅटजीपीटीमागचं जीपीटी-४ ज्या घातक प्रश्नांना नकार द्यायचं, तेच आफ्रिकेतल्या झुलूसारख्या भाषेत विचारले की पुष्कळदा उत्तर देऊन मोकळं व्हायचं. कुलूप इंग्रजी दारालाच होतं. मराठी दाराला कुलूप आहे का, हे दर सहा महिन्यांनी हलवून बघायला दोन-तीन माणसं आणि थोडा पगार लागतो. ते कॅलिफोर्नियाने बघावं अशी अपेक्षा ठेवायची की पुण्या-कोल्हापूरच्या दहा उद्योजकांनी मिळून खर्च वाटून घ्यायचा? माझ्या मते दुसरं. भारतीय पैसा, भारतीय संस्था, आणि एकाचाही वाटा इतका मोठा नको की तो गेल्यावर दुकान बंद पडावं. मोठी रक्कम कॅलिफोर्नियातूनच येईल, हे मला कळतं. नदीच्या पाहणीला मात्र गावातले चार जण सोबत हवेत.

दादाला पटलं की नाही माहीत नाही. पण परवा त्याचा फोन आला. गणपतीत एक संध्याकाळ म्हाताऱ्या माणसांसाठी ठेवणार आहेत, फोनवरच्या फसवणुकीवर. खर्च सहा हजार. आसपासची पाच मंडळं बाराशे-बाराशे घालणार. एकट्याचं नाव बॅनरवर नको, हे त्याने आधीच बजावलं होतं.

"मी काय देऊ?" मी विचारलं.

"तुझे पैसे नकोत, भानगड होईल. आवाज दे. माऊच्या मोबाइलमध्ये कॉल आपोआप रेकॉर्ड होतात, खोटा तू तिथे आहेसच. खरा पाठव. दोन्ही ऐकवू आणि विचारू, कोणता कोणता ते."

मी त्याच रात्री तेवढंच बोलून पाठवलं. दोन दिवसांनी त्याचा निरोप आला: घरात सगळ्यांना ऐकवलं, खोटाच जास्त खरा वाटतोय, परत पाठव.