भाऊसाहेब आणि माझा टोमॅटो

माझा टोमॅटो खाल्ला. विचारून नाही, तोडून. वर मीठ मागून. आणि खाल्ल्यावर म्हणाले, "आंबट आहे जरा."

टोमॅटो गच्चीतल्या कुंडीतला होता. गच्ची इंदिरानगरातली. खाणारे आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींचे भाऊ, निफाडकडचे द्राक्षबागायतदार. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात. सकाळी ह्यांच्याबरोबर 'हवा खायला' म्हणून गच्चीवर आले होते. हवा कमी पडली असावी.

नाशकात घरी भाजी पिकवण्यातली खरी अडचण किडीची नाही, तज्ज्ञांची आहे. इथं प्रत्येकाचा एक मामा दिंडोरीला असतो, एक साडू पिंपळगावला. पुण्या-मुंबईत कुंडीत वांगं लागलं तर लोक फोटो काढतात. इथं विचारतात, "एवढंच?"

भाऊसाहेबांनीही तेच विचारलं. पण ह्यांना. ज्यांनी त्या कुंड्यांना आजवर तांब्याभर पाणी घातलेलं नाही, ज्यांना मिरचीचं आणि वांग्याचं रोप फळ धरेपर्यंत ओळखू येत नाही, त्या माझ्या नवऱ्याला.

"साहेब, व्हरायटी कोणती?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "गावठी. बी मी घरीच धरते."

"असं का," भाऊसाहेब ह्यांना म्हणाले. "मग औषध कोणतं मारता?"

"काहीच नाही," मी. "पाच मिली निंबोळी तेल, लिटरभर पाण्यात, थोडा साबण घालून. मावा कीड दिसली तरच."

"काहीच नाही?" ते पुन्हा ह्यांनाच. "मग येतं कसं?"

आता मला बोलायचंच होतं. मी जीवामृत सांगितलं, शेण-गोमूत्राचं आंबवलेलं घरगुती खत. मूळ प्रमाण 200 लिटर पाण्याला 10 किलो शेण, गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. मी ते बादलीपुरतं करते, सावलीत ठेवते, सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळते. (पहिल्यांदा केलं तेव्हा सोसायटीच्या बोर्डावर 'गच्चीवरील दुर्गंधीबाबत' अशी सूचना लागली होती. खाली सगळ्यांच्या सह्या. त्यातले निम्मे माझ्याकडून कढीपत्ता नेतात.) भाऊसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बेसन वाया जातं हो साहेब."

मग त्यांनी तपासणी सुरू केली. पान उलटं करून पाहिलं. "नागअळी." दुसरं पान. "करपा येणार." झाडाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "नुसतं माजलंय. बगलफुटी काढल्या नाहीत. छाटणी नाही, बांधणी नाही." (बगलफुटी म्हणजे पानाच्या बगलेत फुटणारे जादा कोंब.) आमच्याकडे सुतळीनं बांधलेली काठी आहे, पण ती त्यांच्या लेखी बांधणीत बसत नसावी. हे शेजारी उभे राहून "हो ना, हो ना" करत होते. आणि त्या 'हो ना'च्या भरात भाऊसाहेबांचा हात झाडावरच्या एकुलत्या एक लाल टोमॅटोकडे गेला.

वहिनी मीठ घ्यायला खाली गेल्यासुद्धा.

मी म्हणाले, "भाऊसाहेब, निदान हा बिनविषारी आहे एवढं तरी म्हणा."

त्यांनी चावा घेतला. रस मनगटावरून ओघळला, तो त्यांनी माझ्या पुदिन्याला पुसला. "आमची द्राक्षं युरोपला जातात, वहिनी." (हे माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.) "लॅबमध्ये औषधाचे अवशेष तपासून, रिपोर्ट घेऊन. तुमचा टोमॅटो कुठं तपासला?"

मला उत्तर सुचेना. मग सुचलं. "युरोपला तपासून पाठवता, मग आमच्या बाजारात येतात ती?"

भाऊसाहेबांनी मिठाची चिमूट टोमॅटोवर नीट पसरली. "ती तुम्ही खाताच की," म्हणाले.

हे विनोदानं सांगतेय, पण त्या वाक्यानं मी अजून धुमसतेय. कारण खरंच खातो. गोऱ्यांच्या जिभेसाठी तपासणी, आणि आम्ही नळाखाली धुऊन घेतलं की झालं. गच्चीवर शेण ढवळायची हौस कुणाला असते? 2023 च्या जुलैत टोमॅटोनं किलोला शंभरी ओलांडली तेव्हा मी ह्या फंदात पडले. माझ्या रोपांना फुलं येईपर्यंत सप्टेंबर उजाडला आणि तोच टोमॅटो मातीमोल झाला, शेतकऱ्यांनी रस्त्यावर ओतला. भाऊसाहेबांच्या चुलतभावानंही क्रेटच्या क्रेट ओतले होते, हे त्यांनीच सांगितलं, टोमॅटोचा देठ माझ्या कुंडीत टाकत. तेवढ्यापुरता मला त्यांचा राग येईना. मग ते म्हणाले, "पुढच्या खेपेला औषधाची पुडी आणून देतो साहेब, बघा कसं लगडतं," आणि राग पुन्हा जागेवर आला.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी बेल वाजवली. भाऊ निफाडला निघाला होता, त्याला टोमॅटो आवडला होता म्हणे. आणखी असेल तर दोन द्या, आणि कढीपत्त्याच्या चार काड्या. मी म्हणाले टोमॅटो आंबट आहेत. त्या म्हणाल्या, चटणीला चालतील.

ह्यांच्यावर मात्र परिणाम झालाय. काल ऑफिसातून आले ते बूट न काढता गच्चीवर गेले, मागे हात बांधून कुंड्यांमधून फिरले, एक पान उलटं केलं आणि मला हाक मारली. "बगलफुटी काढल्यास का गं?"

मी म्हणाले, तुम्ही काढा, आणि उद्यापासून पाणीही तुम्हीच घाला.

"पाणी तू घाल," हे म्हणाले. "मी देखरेख बघतो."