सहा तासांत न्यूयॉर्क

‘तुमचं गणित जरा कच्चं दिसतंय,’ हे वाक्य मला वॉचमनसमोर ऐकून घ्यावं लागलं. मुंबई ते न्यूयॉर्क थेट विमानाला साधारण साडेपंधरा तास लागतात, एवढंच मी म्हणालो होतो.

चौथ्या मजल्यावरच्या काकांनी तिकिटाची प्रिंट माझ्या नाकासमोर धरली. “रात्री दीडला सुटतं, सकाळी साडेसातला पोचतं. सहा तास!”

“काका, साडेसात तिथले. त्यांचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. सहात साडेनऊ मिळवा.”

“मी कशाला मिळवू? छापलंय ते खोटं का?” त्यांनी पान उलटलं. “आता येताना बघा. साडेअकराला सुटतं, दुसऱ्या दिवशी अकराला मुंबई. साडेतेवीस तास! उलटा वारा लागत असणार.”

अहो, उलटा वारा लागतो तो जाताना! तीस-पस्तीस हजार फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे सुसाट वारा वाहतो. येताना तो पाठीशी असतो, म्हणून चौदाच तास लागतात. फेब्रुवारी २०२० मध्ये अशाच वाऱ्याच्या जोरावर एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं.

काका क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, “त्यापेक्षा विमान वर नुसतं उभं करायचं. पृथ्वी फिरतेच आहे, न्यूयॉर्क आपोआप खाली येईल.”

वॉचमनने मान डोलावली. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते हे त्या दोघांना कोण सांगणार? मीच सांगितलं. व्यर्थ.

मग अंतर निघालं. काकांच्या घरातल्या भिंतीवरच्या नकाशात हा रस्ता अरबस्तान आणि सहारावरून सरळ जातो. पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा, तो वर आइसलँडजवळून जातो आणि भरतो सुमारे १२,५०० किलोमीटर. ताशी नऊशेने भागलं तर चौदा तासांच्या आत यायला हवं, पण धावपट्टीपर्यंतची रांग, चढणं-उतरणं आणि वळसे कोण धरतो? त्यात एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तो फेरा वेगळाच. तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक असतात हे मात्र मुंगीच्या अक्षरात छापायचं, आणि म्हाताऱ्या माणसांना समजवायचं काम शेजाऱ्यांवर सोडायचं!

तोवर काका बोटांवर काही मोजत होते. “सहा आणि साडेतेवीस. सरासरी पावणेपंधरा. तुमचे साडेपंधरा आणि चौदा? तेही पावणेपंधराच की!”

बरोबर होतं. घड्याळांतला फरक जाताना वजा होतो तेवढाच येताना मिळतो, म्हणून सरासरीत तो उडून जातो. काकांनी ही युक्ती चुकून शोधली आणि वॉचमनकडे असं पाहिलं, जणू मी इतका वेळ वाद घालत होतो तो याच्याच विरुद्ध.

रक्तदाबाच्या गोळ्या मात्र सहा तासांच्याच हिशोबाने हातातल्या पिशवीत जाणार, बाकीच्या चेक-इनच्या बॅगेत. सांगून पाहिलं. “बघू,” म्हणाले.