दुखत नाही म्हणून

गेल्या महिन्यात मला स्तनांच्या तपासणीचं पत्र आलं. इंग्लंडमधल्या लेस्टरला येऊन बावीस वर्षं झाली, आता पन्नाशी ओलांडली. इथली सरकारी आरोग्यसेवा पन्नाशीनंतर एकाहत्तराव्या वाढदिवसापर्यंत दर तीन वर्षांनी बायकांना मॅमोग्राफीला, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेला, बोलावते. १९८८ पासून हे चालू आहे.

त्याच आठवड्यात गावाकडून चुलतभावाचा फोन. धाराशिवमधल्या कळंब तालुक्यातल्या आमच्या गावची बाहेर असलेली मंडळी वर्गणी काढून महिला दिनाला मॅमोग्राफीची गाडी आणायची म्हणतायत. "तू तिकडं राहतीस, तुला कळतंय यातलं. किती देतीस सांग."

मला आधी काकू आठवली, याच भावाची आई. तिचे गुडघे दुखायचे. मेडिकलवर नुसतं "गुडघ्याचं द्या" म्हटलं की कागदाच्या पुडीत गोळ्या मिळायच्या: डायक्लोफेनॅक, आणि सोबत एक बारकी पांढरी, बहुधा स्टेरॉइडची. चिठ्ठी कुणी मागितली नाही. दोन वर्षं असं चाललं. मग शी काळी व्हायला लागली, डांबरासारखी चिकट. आशाताईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, त्यानं होत असेल असं तिला वाटलं. लोहानंही शी काळी होते, त्यामुळे तिचा अंदाज वेडा नव्हता. एका सकाळी भाकरी थापताना ती परातीवरच कलंडली. लातूरला नेलं तेव्हा हिमोग्लोबिन पाच. जठरातल्या जखमेतून रक्त जात होतं. तीन पिशव्या रक्त चढवलं. शुद्धीवर आल्यावर म्हणाली, "पोट दुखलंच नाही की माय, मग सांगू काय?"

डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांचं काम ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये उलगडलं, पुढे त्यांना नोबेलही मिळालं. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात, त्यांनी दुखणं आणि सूज वाढते. गोळी ती द्रव्यं कमी करते. पण जठराच्या आतलं संरक्षक अस्तर टिकवण्याचं कामही तीच द्रव्यं करतात. म्हणजे गुडघ्याला आराम पडतो तेव्हा पोटाचं कवच पातळ होत असतं. सोबत स्टेरॉइड असेल तर धोका आणखी वाढतो. आणि गोळी मुळात वेदनाशामक, त्यामुळे जखमेचं दुखणंही झाकलं जाऊ शकतं. कित्येकदा पहिली खूण थेट रक्तस्राव हीच असते.

कायद्यानं डायक्लोफेनॅकच्या गोळ्यांना भारतातही डॉक्टरची चिठ्ठी लागते, इथंही लागते. फरक काउंटरवर पडतो. इथं आयबुप्रोफेन ही साधी दुखण्याची गोळी घ्यायला गेले तर औषधवाली विचारते: पोटात कधी अल्सर झाला होता का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? म्हाताऱ्या माणसाला जास्त दिवस अशी गोळी द्यायची तर डॉक्टर पोट सांभाळणारी गोळी जोडून देतात. हे दोन प्रश्न विचारायला पैसा लागत नाही.

माझ्या मावशीचं उलटं झालं. गाठ आंघोळीत हाताला लागली होती, पण दुखेना. दुखेना म्हणून दीड वर्ष कुणाला दाखवली नाही. स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. आमच्याकडच्या बायका दुखण्यावर भरवसा ठेवतात: दुखलं तर पुडी, नाही दुखलं तर काहीच नाही. या भरवशानंच काकू आणि मावशी दोघींना फसवलं.

तरीही गाडीबद्दल मी भावाला सरळ सांगितलं, माझा विरोध आहे. २०१२ मध्ये मायकेल मार्मट यांच्या तज्ज्ञ समितीनं इथल्या तपासणीचा हिशेब मांडला: पन्नाशीच्या दहा हजार बायकांना वीस वर्षं बोलावलं तर ४३ मृत्यू टळतात, आणि १२९ जणींना असा कॅन्सर सापडतो ज्यानं एरवी आयुष्यभर त्रास दिलाच नसता. हा हिशेब वीस वर्षं पुन्हा पुन्हा बोलावण्याचा आहे, एका दिवसाच्या गाडीचा नाही. शिवाय भारतात हा आजार तुलनेनं कमी वयात होतो, आणि तरुण, घट्ट स्तनात मॅमोग्राफीला नीट दिसत नाही.

टाटा हॉस्पिटलनं १९९८ पासून मुंबईत दीड लाख बायकांवर अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या बायकांना शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानं तपासायच्या. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: पुढच्या टप्प्यात सापडणारे कॅन्सर न तपासलेल्यांत ४७ टक्के होते, तपासलेल्यांत ३७, आणि तपासलेल्यांपैकी पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळपास ३० टक्के कमी झाले. सगळ्या वयांची मिळून घट मात्र ठामपणे सिद्ध झाली नाही. यंत्राशिवाय एवढं झालं, मला हे फार मोठं वाटतं.

बायका येतील का, ही शंका तर आपल्याच जिल्ह्यानं फेडली आहे. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलसोबत धाराशिवच्या खेड्यांत १९९९ पासून सव्वा लाखाहून जास्त बायकांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा अभ्यास झाला. हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूच्या एकदाच केलेल्या चाचणीनं मृत्यू निम्म्यावर आले. त्यात तीस हजारांवर बायकांना तुलनेसाठी तपासणीविना ठेवलं, ते मला आजही टोचतं. पण आमच्या बायका घराबाहेर पडून तपासून घेतात, हे तेव्हाच दिसलं.

भावाला म्हणाले, गाडीला माझे पैसे नाहीत. गावातल्या दोन बायकांना बार्शीला किंवा संभाजीनगरच्या सरकारी कॅन्सर हॉस्पिटलात शिकायला पाठवा, त्यांना पाच वर्षं मानधन द्या. त्यांनी घरोघरी जाऊन गाठ तपासावी, गुडघ्याला कुठली गोळी चालू आहे ते विचारावं, आणि शीचा रंगही विचारावा. गाठ लागली तर एसटीचं भाडं आणि सोबत जाणारं माणूस वर्गणीतून द्या. त्यातला पहिल्या वर्षाचा खर्च मी देते.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आईला विचारतो, ती जाईल का शिकायला."