मार्च आला की आम्ही आठवतो
दरवर्षी तेच. कंपन्या वर्षभर आमच्यासारख्या सामाजिक संस्थांचे फोन उचलत नाहीत आणि मार्च उजाडला की त्यांचा मेल, चार दिवसांत प्रपोजल द्या, ट्वेल्व्ह ए, एटी जी (आयकर सवलतीच्या नोंदण्या), सीएसआर वन (कंपन्यांचा समाजकामाचा निधी घ्यायला लागणारी नोंदणी), ३ वर्षांचे ऑडिट सगळं परत पाठवा, अहो मागच्याच वर्षी दिलंय ना! २०१३ च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांना ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकामावर खर्चावेच लागतात, पण ते जातात टॅबला, दप्तरांना; शिकवणाऱ्या ताईंच्या मानधनाला नाही. गोवंडीतल्या आमच्या अभ्यासिकेत टॅब कपाटात पडलेत, चार्जिंगला प्लग एकच, ताईंना दोन महिने पैसे नाहीत, तरी रोज येतात कारण पोरं दारात चपला काढून वाट बघत बसलेली असतात. वर यांना बॅनर धरलेले फोटो हवेत, पोरांना उन्हात उभं करून. यंदा नाही करणार.