चौकट शाळेच्या मैदानावर टाका, कासवर नको

एका लेखात नववीच्या मुलांना साताऱ्याजवळच्या कास पठारावर नेऊन एक मीटरच्या चौकटीत रोपं मोजायला सुचवलंय. पद्धत उत्तम, जागा चुकीची. तिथल्या जांभ्या खडकावर मातीचा थर फार पातळ. चौकटीभोवती वर्ग उकिडवा बसला की मोजायची रोपंच तुडवली जातात. २०१२ पासून जागतिक वारसा यादीत असलेलं हे पठार वाटेवरूनच बघावं. तेवढ्यातही शिकवण्यासारखं भरपूर आहे: मातीत नत्र कमी, म्हणून दवबिंदू आणि सीतेची आसवं या वनस्पती कीटक पकडून ती उणीव भरून काढतात.

मोजणी साताऱ्यातल्या कुठल्याही शाळेच्या मैदानाकडेला ऑगस्टमध्ये करा. चौकटीसाठी अर्धा इंची पीव्हीसी पाइपचे ४ तुकडे, कोपऱ्यांना जोडायला ४ एल्बो. एल्बोमुळे माप बदलतं, म्हणून जोडून आतून १०० सेंमी भरतंय का बघा, मगच सोल्युशन लावा. दर १० सेंमीवर उभी-आडवी सुतळी ओढली की १०० घरं. एक घर म्हणजे एक टक्का.

खरा घोळ पुढे होतो. मुलं चौकट हिरवंगार दिसेल तिथंच ठेवतात आणि सगळी सरासरी खोटी ठरते. दोन टेप काटकोनात अंथरा, चिठ्ठ्यांनी दोन्ही टेपवरचे आकडे काढा, ते जिथं मिळतात तिथं चौकट ठेवा, अशा किमान १० जागा घ्या. टाकळा, कुर्डू मोजता येतात. हरळी मोजू नका. ती धावत्या खोडानं पसरते, एक रोप कुठं संपतं ते कळत नाही. तिचं आच्छादन, म्हणजे ती किती घरं व्यापते ते, टक्क्यांत लिहा. कडेवरची रोपं फक्त दोनच बाजूंची धरा, नाहीतर संख्या फुगते. नाव न कळलेल्या रोपाला 'अ', 'ब' म्हणा, फोटो काढा, पण कृपा करून उपटायला लावू नका.