पाकिटावर तारीख लिहायला काय जातं तुमचं?

परवा चार सीडींचा संच घरी आला. वर सोनेरी अक्षरांत ‘दुर्मिळ मैफली’. दीड महिना पैसे बाजूला टाकून मागवला होता, तो आतल्या एका तोडी रागासाठी. गायकाचं नाव सांगत नाही, कारण दोष त्यांचा नाही. रात्री सगळी आवराआवर झाल्यावर ऐकायला बसले. विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, सुरेख लागलं होतं. सातव्या मिनिटाला तबलजीने हातोडीचे दोन ठोके मारून तबला किंचित चढवला आणि पाठोपाठ पुढच्या रांगेतलं कुणीतरी खोकलं. एकदा, मग थांबून दोनदा. माझ्या पोटात खड्डा पडला. हा खोकला मला पाठ आहे. पंचवीस वर्षं जुन्या माझ्या कॅसेटमध्ये तो आहे. चार वर्षांपूर्वी ‘अप्रकाशित’ म्हणून घेतलेल्या सीडीतही तोच आहे. म्हणजे एकच मैफल मी तीनदा विकत घेतली. तीन वेगळी चित्रं, तीन वेगळी नावं, आत तोच खोकला.

राग आलाय आणि तो उतरत नाही, म्हणून लिहितेय.

गाण्याच्या संग्रहासाठी माझ्याकडे महिन्याला हजार रुपये असतात. ते घर चालवून उरलेले पैसे आहेत, कुणी बक्षीस दिलेले नाहीत. त्यामुळे काय घ्यायचं, काय सोडायचं, याचा हिशोब मी आठवडाभर डोक्यात घोळवते. या महिन्यात गायिका मोगूबाई कुर्डीकर की गायक अमीर खाँ? एखादी जुनी एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी मोठी तबकडी, की दोन महिने थांबून संच? ज्याच्या खिशात भरपूर आहे त्याला एक सीडी दुबार आली तर काही वाटणार नाही. मला एक सीडी दुबार आली की एक महिना वाया जातो. आणि हे टाळायला हवं काय, तर पाकिटामागे चार ओळी. कोणत्या साली, कुठे गायलं, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, आणि हे आधी बाजारात आलं होतं का. बस. एवढं छापायला शाई किती लागते?

त्याऐवजी काय छापतात? तानपुऱ्याचं धूसर चित्र, मावळता सूर्य, आणि ‘स्वर्गीय सुरांचा अमृतानुभव’ छापाचं एक पान. ते पान वाचून मला गाण्याबद्दल एक अक्षर कळत नाही. साल कळलं असतं तर सगळं कळलं असतं. आजारपणाआधीचे कुमार गंधर्व आणि क्षयातून उठलेले कुमार हे दोन वेगळे गवई आहेत. साठच्या दशकातले भीमसेन जोशी आणि नव्वदच्या दशकातले भीमसेन यांच्यात आवाजाचा, श्वासाचा, आलापीच्या मुक्कामांचा फरक आहे, आणि तो फरक ऐकण्यासाठीच तर आम्ही संग्रह करतो. साल न लिहिता गाणं विकणं म्हणजे पत्रावरची तारीख फाडून पत्र हातात देणं.

साथीदारांची नावं गाळण्याचा संताप तर मला शब्दांत मांडता येत नाही. वसंतराव आचरेकरांनी तबल्यावर कुमारांमागे धरलेला ठेका, गोविंदराव पटवर्धनांची पेटी, हे गाण्याचे निम्मे प्राण असतात. ती माणसं तास तास समोर बसून वाजवत होती. त्यांचं नाव छापायला अर्धा इंच जागा सापडत नाही? आकाशवाणीवर गाणं सुरू व्हायच्या आधी निवेदिका कलाकार, राग, तबल्याला कोण, पेटीला कोण हे सांगायची. ते ऐकत मी लहानाची मोठी झाले. माझी साथीदारांची अर्धी ओळख त्या निवेदनांतून झाली. जे तोंडी सांगायला कुणाला कधी जड गेलं नाही, ते विकायच्या वस्तूवर छापायला मात्र यांच्या जिवावर येतं.

आणि हे पूर्वीपासून असंच होतं, अशी सबब कुणी देऊ नये. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात यंत्रं घेऊन आला आणि नोव्हेंबर १९०२ मध्ये गायिका गौहर जानचं गाणं मुद्रित झालं. त्या तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या. तिथल्या माणसाला गाणारी कोण हे कळावं म्हणून गाणं संपताना गौहर जान स्वतः आपलं नाव सांगायची. तीन मिनिटांच्या तबकडीतले शेवटचे सेकंद तिने त्यासाठी राखून ठेवले. तिला कळलं होतं की नाव हरवलं तर गाणं अनाथ होतं. पुढच्या ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, तबकड्यांवरही क्रमांक असायचा, मधल्या गुळगुळीत भागात साच्याचा क्रमांक कोरलेला असायचा. त्या क्रमांकांच्या आधारे जुन्या संग्राहकांनी वह्याच्या वह्या भरून याद्या केल्या, कोणतं मुद्रण कोणतं हे ठरवलं. मुंबईत १९९० साली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ उभी राहिली ती अशाच माणसांच्या कष्टांवर, पदरमोड करून. आणि आज, सगळी साधनं हाताशी असताना, माझ्यासमोर जी फाइल येते तिचं नाव असतं ‘ट्रॅक ०३’.

भाचा म्हणतो, “मावशी, कशाला पैसे घालवतेस? सगळं फुकट आहे की मोबाइलवर.” प्रेमाने म्हणतो, पण मला वीट आलाय हे ऐकून. काय आहे मोबाइलवर? शुद्ध कल्याण राग शोधायचा तर रोमन लिपीत पाच प्रकारे लिहून बघावं लागतं. एकाच रागाची दोन नावं, तर भूप एकीकडे, भूपाली दुसरीकडे. मल्लिकार्जुन मन्सूरांचा बिहारी राग ‘बिहाग’ या वेगळ्याच रागाच्या नावाने चढवलेला मी स्वतः ऐकलाय. ज्या माणसाने आयुष्यभर अनवट राग जिवापाड सांभाळले, त्याचाच राग चुकीच्या नावाने लाखो लोकांपुढे वाजतोय आणि दुरुस्त करायला सांगावं तर ऐकणारं कुणी नाही. मन्सूर १९९२ साली गेले, कुमारही त्याच वर्षी. त्यांच्या गाण्यापुढे साल लिहिलेलं असतं २०१८, म्हणजे कंपनीने फाइल चढवली ते साल. नवा ऐकणारा काय समजणार?

पुढे आणखी. विलंबित आणि त्यानंतरचं जलद लयीतलं द्रुत, दोन वेगळ्या फायली करून टाकतात. बडा ख्याल संपत आला, गायक लय उचलून छोट्या ख्यालाच्या मुखड्यावर येतोय, आणि तिथे मध्येच शांतता. कधी त्या शांततेत जाहिरात. कधी द्रुत लागतच नाही, कारण यंत्राने स्वतःच्या मनाने दुसऱ्याच कुणाचं भजन लावलेलं असतं. मारवा राग ऐकून मन जिथे जाऊन बसतं, तिथून त्याला असं खेचून काढणं हा ऐकणाऱ्याचा अपमान आहे. एके दिवशी यादीतली दहा-बारा गाणी करडी पडली, दाबली तरी वाजेनात. करार संपला म्हणे. कुणाचा, कुणाशी, मला कुणी विचारलं होतं? वर्षाची वर्गणी मी भरत होते. म्हणून हातात धरता येईल अशी वस्तू घेते मी. ती करडी पडत नाही.

तर हातात धरायच्या वस्तूंकडे वळावं, जुन्या एलपी घ्याव्यात, तिथेही कमी पैशातल्या माणसाला कुणी सोडत नाही. विकणारा म्हणतो “एकदम कडक माल”, घरी आणून बघावं तर खोबणी झिजून पांढरी पडलेली. वरच्या सप्तकात आवाज गेला की फाटतो. खरखर मला चालते. खरखरीतूनही अब्दुल करीम खाँ ऐकू येतात, मुद्दाम कान देऊन ऐकते मी. पण फाटलेला षड्ज दुरुस्त होत नाही. आणि ही खोबणी झिजवतं कोण? त्या रंगीबेरंगी पेट्यांतले स्वस्त प्लेअर. चांगल्या यंत्राची सुई दीड-दोन ग्रॅम भाराने तबकडीवर टेकते, या पेट्यांतली बरेचदा पाच ग्रॅमच्या आसपास दाबते. त्यांवर हौसेने जुन्या एलपी वाजवल्या जातात, हौस फिटली की त्याच बाजारात येतात, आणि दुकानदार त्या मला कडक म्हणून देतो. शिवाय एलपीच्या सुईवर ७८ची तबकडी वाजवायची नसते. ७८ची खोबणी बरीच रुंद, तिला जवळजवळ तिप्पट जाड टोकाची सुई लागते. बारीक सुई तळाशी घसरते आणि सगळा कचरा ऐकवते. हे विकताना कुणी सांगत नाही. मला दोन तबकड्यांनंतर कळलं.

वेगाचं तर विचारूच नका. सुरुवातीच्या तबकड्या काटेकोर ७८ फेऱ्यांच्या नव्हत्याच, कमीजास्त वेगाने मुद्रित झालेल्या होत्या. त्या आज सरसकट ७८वर फिरवून सीडी काढतात. वेग सहा टक्क्यांनी वाढला की आवाज एका श्रुतीने नाही, चांगला अर्ध्या स्वराने चढतो. पेटीवरच्या काळी एकमध्ये गाणारा गवई त्याच्या वरच्या पांढरी दोनमध्ये जाऊन बसतो, तानांना विनाकारण घाई येते, आवाज पातळ होतो. मग पुढची पिढी म्हणते, “त्या काळचे लोक किती चिरक्या आवाजात गायचे.” नाही गायचे! तुम्ही चाक जोरात फिरवलंत. पेटीवर एक स्वर धरून बघायची तसदी घेतली असती तर कळलं असतं.

वरून ‘साफ केलेला आवाज’. खरखर काढायच्या नादात तानपुरा काढून टाकतात. तानपुऱ्याचे वरचे सूक्ष्म स्वर आणि मुद्रणाच्या फितीची सळसळ एकाच परिसरात राहतात, सरसकट गाळणी लावली की दोन्ही जातात. उरतो तो भरलेल्या नाकाने गायल्यासारखा कोंदट गळा आणि मागे पोकळी. तारांतून आपोआप उमटणाऱ्या ज्या गंधारासाठी माणसाने तानपुरा जुळवायला अर्धा तास दिला असेल, तो गंधार तुम्ही एका बटणाने पुसलात आणि वर ‘डिजिटल’ लिहून जास्त पैसे मागता. मला ती सळसळ हवी आहे. मूळ फीत जशी आहे तशी द्या, माझे कान बघून घेतील.

कायद्याचं बघा. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं. म्हणजे १९६० साली निघालेली एलपी १ जानेवारी २०२१ ला सगळ्यांची झाली. ऐकून मी हरखले होते. पण हक्क मोकळा झाला तरी मूळ फीत कंपनीच्या कपाटातच असते आणि ती बाहेर काढायला कायदा कुणाला लावत नाही. आमच्या वाट्याला झिजलेली तबकडी. आणि ज्या मैफली कधी प्रसिद्धच झाल्या नाहीत, त्या घराघरांत फितींच्या स्पूलवर पडून आहेत. एका गृहस्थांकडे मी दोन वर्षं खेटे घातले. जपून ठेवलंय म्हणाले, ऐकवलंसुद्धा, पाच मिनिटं. प्रत मिळणार नाही. का, तर मग त्याचं अप्रूप राहणार नाही. अहो, फिती एकमेकींना चिकटताहेत, वरचा थर सुटून हाताला लागतोय, मी डोळ्यांनी पाहिलंय! अजून दहा वर्षांनी तुमच्याकडे अप्रूपही नसेल आणि गाणंही नसेल. गायलं कुणी, मैफलीचा खर्च कुणी केला, आणि मालकी कुणाची!

म्हणून मी वही ठेवते. प्रत्येक मुद्रणाला एक पान. कोणता राग, कोणती बंदिश, स्वर कोणता, एकूण मिनिटं किती, समेवर पहिली दाद कितव्या मिनिटाला, कुठे तानपुऱ्याची तार उतरली, कुठे कोण खोकलं. नवी सीडी घ्यायच्या आधी कुणाकडे ऐकायला मिळाली तर वहीशी ताडून बघते. हे काम माझं नाही. विकणाऱ्याचं आहे, ज्याच्याकडे मूळ फीत आणि तिच्या डब्यावरची चिठ्ठी दोन्ही आहेत. त्या चिठ्ठीवर तारीख असते, गाव असतं, साथीदार असतात. तेवढी चिठ्ठी जशीच्या तशी छापली असती तरी माझी वही लागली नसती.

काल त्या संचाच्या कंपनीला फोन केला. शांतपणे सांगितलं, हे मुद्रण दोनदा येऊन गेलंय, तुम्ही दुर्मिळ म्हणून विकताय, पैसे परत द्या. पलीकडची मुलगी बिचारी अदबीने बोलत होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं, तिच्यावर मी आवाज चढवला नाही. तिने कुणाला तरी विचारलं आणि म्हणाली, “मॅडम, प्लास्टिकचं आवरण फोडलेलं असेल तर परत घेत नाही.” आवरण न फोडता मी तो खोकला ऐकायचा कसा, असं विचारलं. ती म्हणाली, तसा नियम आहे.

तारीख तरी सांगा म्हटलं, कधीची मैफल आहे ही. तीन पाकिटं घेतलीत मी तुमची. तेवढं वहीत लिहून ठेवते.

ती म्हणाली, आमच्याकडे तशी काही माहिती नाही.