कंटिन्युइटीची खुर्ची

परवा सकाळी एका टेम्पोवाल्याने माझ्या आजोबांची आरामखुर्ची माझ्याच दारात उतरवली आणि भाड्याचे ८०० रुपये माझ्याकडूनच घेतले. त्याच्याकडे सुटे नव्हते, म्हणून ९०० गेले. खुर्ची गेली तेव्हा शिसवी होती, आली ती हिरवी. आणि हिरवी म्हणजे अगदी पोपटी.

"पॅलेट आहे सर," असं कलादिग्दर्शकाच्या हाताखालच्या मुलाने फोनवर सांगितलं, आणि मला काही समजायच्या आत "थँक्यू" म्हणून ठेवून दिला.

तर माझ्या कादंबरीवर सिनेमा होतोय. अभिनंदन नंतर करा. कादंबरी कोकणातली, चित्रीकरण वाईला. खाडीच्या जागी कृष्णा, कारण खाडी बजेटात बसत नाही आणि भरती-ओहोटी कॉलटाइम पाळत नाही. कादंबरीत एक लांब हातांची, वेताच्या बैठकीची आरामखुर्ची आहे. अकराव्या प्रकरणात आजोबा दुपारचे तिच्यात पडल्या पडल्या जातात आणि चारचा चहा गार होईपर्यंत घरात कुणाला पत्ता लागत नाही. "अशी खुर्ची मिळेल का हो कुठे?" दिग्दर्शकाने विचारलं. मी गाढव म्हणालो, "अशी कशाला? तीच आहे आमच्याकडे."

वाईजवळच मेणवलीच्या घाटावर एक मोठी घंटा आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, त्या लुटीतली पोर्तुगीजांची घंटा. कोकणातली वस्तू घाट चढून वाईला आली की परत जात नाही, हे ती घंटा बघूनच मला कळायला हवं होतं. पण पोर्तुगीज निदान लढले तरी. मी खुर्ची स्वतःच्या हातांनी टेम्पोत चढवून दिली, वर जुनी गोधडी गुंडाळून.

गोधडी अजून आलेली नाही.

मी सेटवर गेलो तो चौथा दिवस. "या ना सर कधीही" असं म्हणाले होते, आणि मराठीत याचा अर्थ "येऊ नका" असा होतो हे मी लेखक असून विसरलो. एप्रिलचं ऊन. सेटवर प्रत्येक खुर्चीला मालक असतो, हे पहिल्या अर्ध्या तासात तीनदा उठून शिकलो. मग आंब्याखाली माझी खुर्ची दिसली. तिच्यावर एक पोरगा छत्री धरून उभा होता. माझ्यावर कुणी धरली नव्हती. मी जाऊन बसलो.

"उठा काका. प्रॉपर्टीची हाय ती."

सेटवर ज्याला नाव नसतं त्याला 'दादा' म्हणतात, तसे हे स्पॉटदादा. मूळचे कोल्हापूरचे, खांद्यावर टॉवेल, हातात सोळा कपांचा ट्रे.

"माझीच आहे हो ही खुर्ची," मी म्हणालो.

"समदे असंच म्हणत्यात. मागच्या पिच्चरला एक जण म्हणत हुता, घोडा माझा हाय." थोडं थांबून, "हुता म्हणा त्याचाच. पर बसू दिला न्हाय."

"अहो, मी लेखक आहे."

"लेखक त्ये काय तिकडं," त्यांनी हनुवटीने मॉनिटरपाशी बसलेल्या एका मुलाकडे दाखवलं. अर्धी चड्डी, कानात काहीतरी, वय फार तर सत्तावीस. खुर्चीला पाठ होती, पाठीवर नाव होतं.

"ते पटकथा-संवाद. मी मूळ कादंबरीचा."

दादांनी ट्रे खाली ठेवला. माझ्या टाळूपासून बघत बघत खाली आले ते थेट पावलांपर्यंत, आणि तिथे थांबले. पावलं सुलट आहेत याची खात्री पटल्यावर म्हणाले, "कादंबरीवालं जित्तं हाय?"

"म्हणजे?"

"मी तीन पिच्चर केलं कादंबरीचं. तिन्ही टायमाला कादंबरीवाल्याचा फोटू हुता. मुहूर्ताला नारळ फुटला की फोटूला हार, उदबत्ती, झालं. त्ये बरं पडतं काका. फोटूला च्या लागत न्हाई."

"मीही नाही मागितला."

"मागाल की. अकरा वाजल्यात." आणि एक कप माझ्या हातात दिला. "साखर हाय. बिनसाखरेचा हिरोचा असतोय."

मी उभ्याने चहा प्यायलो. दादांना आता माझी कीव आली असावी. "नाव काय म्हनला पुस्तकाचं?" मी सांगितलं. "पिच्चरचं येगळं हाय," ते म्हणाले. मला माहीत नव्हतं. "आन म्हातारं मरतंय व्हय तुमच्यात? हितं न्हाई मरत. हितं नाचतंय. हळदीचं गानं हाय, ह्याच खुर्चीवर उभं ऱ्हाऊन."

"खुर्चीवर उभं राहून?"

"म्हनून तर रंगवायची हाय. पिवळ्यावर हिरवा उठून दिसतोय." मग आवाज खाली आणून, "तुम्ही मारला ते चुकलंच काका. म्हाताऱ्याला मारून कुनाचं भलं झालंय?"

मला सांगायचं होतं की मी नाही मारलं, ते आपले आपणच गेले, २३ मे रोजी, दुपारी, मी सातवीत होतो आणि त्यांचा चहा मीच नेला होता. पण लंच ब्रेक झाला, आणि जेवणाच्या रांगेत "तुम्ही कुठल्या डिपार्टमेंटचे?" असं विचारलं गेलं.

दादांचं अगदीच चूक नव्हतं, हीच तर पंचाईत. 'श्यामची आई' पडद्यावर आली १९५३ साली. साने गुरुजी १९५० मध्येच गेले होते. सुहास शिरवळकर २००३ मध्ये गेले आणि 'दुनियादारी'ला हाउसफुल्लचे बोर्ड लागले २०१३ मध्ये. कादंबरीकार वारला की सिनेमावाल्यांना त्याच्याविषयी एकदम आदर वाटू लागतो. अपवाद आहेत. 'बनगरवाडी' १९५५ ची, सिनेमा १९९५ चा. माडगूळकर चाळीस वर्षं टिकून राहिले आणि पटकथाही त्यांनीच लिहिली. चाळीस वर्षं थांबलेल्या माणसाला निदान स्टूल तरी मिळालं असेल. अरुण साधूंचं गणित त्याहून बरं: त्यांच्या दोन कादंबऱ्या मिळून तेंडुलकरांनी एक 'सिंहासन' केलं. माझ्या एका कादंबरीत पाटसुद्धा निघाला नाही.

कापाकापीबद्दल माझी तक्रार नाही. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. माझी २१२ पानं तशीच्या तशी घेतली तर प्रेक्षक डबा घेऊन येतील. माझ्या दोन आत्यांची मिळून एक मावशी केली, तेही चाललं. आत्या दोघीही एकमेकींशी बोलत नव्हत्या, आता बोलावंच लागेल. पण करारात 'आधारित' होतं, ते पोस्टरच्या नमुन्यावर 'प्रेरित' झालंय. 'आधारित' असलं की पैसे द्यावे लागतात, 'प्रेरित' असलं की फक्त मेसेज करावा लागतो, हात जोडलेल्या चित्रासकट. दुसरा हप्ता "पिक्चर लागल्यावर". ही कादंबरी मी चार वर्षं लिहिली, पहाटे पाच ते सात, बँकेत जायच्या आधी, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, कारण बाहेरच्या खोलीत दिवा लावला की मुलं उठायची. तेव्हाही उभ्यानेच, आत्ता लक्षात आलं.

लोक म्हणतील, एका खुर्चीचं काय घेऊन बसलात! घेऊन बसलो असतो तर प्रश्नच नव्हता.

निघताना दादांनी माझा नंबर घेतला होता, "खुर्ची परत द्याया लागंल." तेवढा एकच माणूस शब्दाला जागला. काल रात्री त्यांचा फोन. मला वाटलं गोधडी सापडली.

"काका, पोचली का? बसला न्हाई न्हवं?"

"नाही अजून. रंगाचा वास येतोय."

"बसूच नगा. बावीस तारखेला पॅचवर्क हाय, ऱ्हायलेलं शॉट घ्यायचं हायत. उजव्या हातावरचा टवका हाय तसा ऱ्हाऊ द्या, कंटिन्युइटी हाय, मागच्या शॉटला दिसलंय तसंच फुडं दिसाया पायजे. टेम्पोचं तेवढं तुम्हीच बघा."

मी पुष्कळ बोललो. टवका कुणी पाडला, गोधडी कुठाय, मूळ रंग कोण आणून देणार, आजोबा कोण होते. दादांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जित्तं असलं की असं हुतंय बगा," आणि फोन ठेवला.

आज सकाळी मी गॅलरीत प्लास्टिकच्या स्टुलावर पेपर वाचत होतो. बायको आली, तिने ओला टॉवेल झटकला आणि खुर्चीच्या उजव्या हातावर वाळत टाकला.

"अगं काढ, काढ तो!" मी ओरडलो. "कंटिन्युइटी आहे!"